छातीतल्या आवाजांचे भाष्यकार : डॉ. रेने लेनेक

छातीच्या दुखण्यासाठी रुग्णालयात गेलेल्या माणसाच्या केसपेपरवर डॉक्टर अजूनही क्रेप्स किंवा राँकाय असे शब्द झरझर लिहून टाकतात. रुग्णाला त्यांचा अर्थ कळत नाही आणि ते आले कोठून याचा विचार करण्याइतकी सवड डॉक्टरांनाही नसते. फुप्फुसात हवा ये-जा करताना होणाऱ्या बारीकसारीक आवाजांना ही नावे दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसच्या एका रुग्णालयात मिळाली. ती देणारे डॉ. रेने तेओफिल यासांत लेनेक हे स्टेथोस्कोपचे जनक म्हणून जगाला ठाऊक आहेत. परंतु स्टेथोस्कोप हे त्यांच्या कामाचे साधन होते; काम त्याहून बरेच मोठे होते. धाप, खोकला आणि घरघर या एकाच गाठोड्यात बांधले गेलेले अनेक रोग त्यांनी सुटे केले आणि रुग्ण जिवंत असतानाच त्यातला प्रत्येक ओळखता येईल अशी वाट काढून दिली. त्यांतल्याच एका रोगाने वयाच्या ४५व्या वर्षी त्यांचा बळी घेतला.

लेनेक यांचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनी प्रांतातील कँपेर या गावी झाला. वडील वकील होते; कविता करण्याची हौस मोठी आणि हातात पैसा टिकण्याची शक्यता कमी, असा त्यांचा स्वभाव. रेने पाच वर्षांचा असताना आई गेली. तिला क्षय झाला असावा असे मानले जाते. मुलांचा सांभाळ करणे वडिलांना जमण्यासारखे नव्हते. रेने आणि त्याचा धाकटा भाऊ मिशो यांना प्रथम धर्मोपदेशक असलेल्या एका काकांकडे आणि नंतर १७८८ मध्ये नांत शहरातील दुसरे काका गियोम लेनेक यांच्याकडे पाठवण्यात आले. गियोम हे डॉक्टर होते आणि तिथल्या विद्यापीठात वैद्यकाचे अध्यापन करीत. रेनेला खऱ्या अर्थाने वडिलांची माया मिळाली ती या काकांकडून, आणि आयुष्याची दिशाही त्यांच्याकडूनच.

वर्षभरातच फ्रेंच राज्यक्रांतीचा वणवा पेटला. नांत शहराने या क्रांतीचे अत्यंत क्रूर रूप पाहिले. १७९३-९४ च्या हिवाळ्यात कारिए या प्रतिनिधीच्या हुकमावरून कैद्यांना होड्यांत भरून ल्वार नदीत बुडवले जात होते, आणि बुफे चौकात गिलोटीन उभे होते. काकांचे घर त्याच चौकाला लागून होते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या मनावर या दृश्यांचा काय परिणाम झाला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पुढे आयुष्यभर लेनेक श्रद्धाळू कॅथलिक आणि राजनिष्ठ राहिले, त्याची मुळे बहुधा या दिवसांत असावीत. चौदाव्या वर्षी ते काकांच्या हाताखाली रुग्णालयात जखमा बांधायला शिकले. वडिलांना मुलाने डॉक्टर होणे पसंत नव्हते. त्यांचा विरोध आणि पैशांची तंगी यांत काही वर्षे वाया गेली. तरी फावल्या वेळात मुलाने ग्रीक आणि लॅटिनचा अभ्यास सोडला नाही, आणि बासरीही सोडली नाही.

१८०१ मध्ये विसाव्या वर्षी लेनेक पॅरिसला आले. वैद्यक शिकण्यासाठी त्या काळी जगात याहून चांगले शहर नव्हते. क्रांतीने जुनी विद्यापीठे मोडली होती, आणि नव्या व्यवस्थेत विद्यार्थ्याला पोथीपुढून उठवून रुग्णाच्या खाटेपाशी आणि तेथून शवविच्छेदनाच्या टेबलापाशी नेले जात होते. शारिते रुग्णालयात त्यांना झाँ-निकोला कोर्व्हिझार हे गुरू लाभले, जे पुढे नेपोलियनचे खासगी डॉक्टर झाले. रुग्णाच्या छातीवर बोटांनी ठोकून आतला भाग पोकळ आहे की भरीव हे ओळखण्याची युक्ती ऑस्ट्रियातील लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्येच प्रसिद्ध केली होती. ते खाणावळवाल्याचे चिरंजीव. त्यामुळे दारूची पिंपे ठोकून पाहताना त्यांना ही युक्ती सुचली असे म्हणतात. चाळीसएक वर्षे जगाने तिच्याकडे ढुंकून पाहिले नव्हते. कोर्व्हिझार यांनी १८०८ मध्ये त्या पुस्तकाचा फ्रेंच अनुवाद करून ती वैद्यकात रुजवली. डोळ्यांना न दिसणारे आवाजावरून जाणता येते, हा धडा लेनेक यांनी या गुरूंकडून घेतला.

विद्यार्थी म्हणून लेनेक यांची चमक लवकर दिसली. १८०३ मध्ये वैद्यक आणि शल्यक्रिया या दोन्हींची पहिली बक्षिसे त्यांना मिळाली. उदराच्या आतील आवरणाचा दाह हा स्वतंत्र विकार आहे हे त्यांनी दाखवले आणि काळ्या रंगाच्या कर्करोगाचे आरंभीचे वर्णन केले. पुढे यकृताच्या एका विकाराला सिऱ्होसिस हे नावही त्यांनीच दिले. अंगाने किरकोळ, उंचीने ठेंगणे आणि वरचेवर धाप लागणारे हे गृहस्थ शवविच्छेदनात मात्र थकत नसत. या कामाची किंमत त्यांना माहीत नव्हती. एकदा क्षयाने किडलेले मणके करवतीने कापताना त्यांच्या बोटाला खरचटले आणि तेथे एक गाठ उठली. त्यांनी ती औषधाने जाळून टाकली. ही हकिकत त्यांनी स्वतःच्या ग्रंथात शांतपणे नोंदवली आहे. क्षय हा संसर्गाने होतो असे त्यांना वाटत नव्हते. त्यामुळे त्या गाठीत जे दडले होते ते त्यांना दिसूनही दिसले नाही.

गुणवत्ता असूनही रुग्णालयातील जागा त्यांना बरीच वर्षे मिळाली नाही. वैद्यकीय नियतकालिकात लेखन आणि खासगी व्यवसाय यांवर ते गुजराण करीत; नेपोलियनचे मामा कार्डिनल फेश हे त्यांच्या रुग्णांपैकी एक. १८१४ मध्ये युद्धात जखमी झालेले सैनिक पॅरिसमध्ये येऊ लागले, तेव्हा ब्रिटनीतले शिपाई त्यांनी मुद्दाम साल्पेत्रिएर रुग्णालयात एकत्र ठेवून घेतले. या खेडूत पोरांना फ्रेंच कळत नव्हती आणि परक्या भाषेच्या शहरात ती मुले धास्तीनेच खचत होती. लेनेक यांना ब्रेटन भाषा येत असे. त्यांच्या आयुष्यात फार जिव्हाळ्याच्या गोष्टी आढळत नाहीत. ही त्यांपैकी एक आहे.

याच काळात क्षयाने त्यांच्या घरात आणि मित्रमंडळीत ठाण मांडले. पाठचा भाऊ मिशो १८१० मध्ये गेला. त्याच वर्षी त्यांचे जिवलग मित्र गास्पार बेल यांनी ९०० शवविच्छेदनांच्या आधारे फुप्फुसाच्या क्षयावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि मे १८१६ मध्ये त्याच रोगाने बेलही वारले. लेनेक यांनी पुढे जे काम हाती घेतले त्याच्या मागे विद्वत्तेची हौस होतीच, पण या मृत्यूंची सोबतही होती.

१८१६ च्या सप्टेंबरात, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, लेनेक यांची नेकेर रुग्णालयात नेमणूक झाली. ज्या प्रसंगामुळे त्यांचे नाव अमर झाले तो त्याच वर्षीचा. हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुण स्त्री तपासणीसाठी आली होती. ती अंगाने स्थूल असल्यामुळे छातीवर ठोकून किंवा हात ठेवून काही कळेना. रुग्णाच्या छातीला थेट कान लावण्याची रीत हिपोक्रेटिसच्या काळापासून माहीत होती. परंतु रुग्ण तरुण स्त्री असल्याने ते अशोभनीय झाले असते. तेव्हा त्यांना ध्वनिशास्त्रातली एक साधी गोष्ट आठवली. लाकडी तुळईच्या एका टोकावर टाचणीने ओरखडा काढला तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला तो स्पष्ट ऐकू येतो. त्यांनी कागदांची एक चळत घेतली, तिची घट्ट गुंडाळी केली, एक टोक रुग्णाच्या छातीवर आणि दुसरे आपल्या कानावर टेकवले. हृदयाचे ठोके थेट कान लावून कधीच ऐकू आले नसते इतके स्वच्छ ऐकू आले. लूव्र राजवाड्याच्या आवारात लाकडी फळीशी असाच खेळ करणारी मुले पाहून ही कल्पना सुचली, अशी गोष्टही सांगतात. ती मागाहून जोडली गेली असावी.

येथवरची कथा शाळेच्या पुस्तकांतही येते. खरे काम त्यानंतर सुरू झाले. कागदाच्या गुंडाळीऐवजी काच, धातू, वेत आणि निरनिराळी लाकडे त्यांनी वापरून पाहिली. फार दाट पदार्थापेक्षा हलके लाकूड आवाज चांगला वाहून नेते असे त्यांच्या लक्षात आले. लेथवर लाकूड कातण्याची त्यांना हौस होती, त्यामुळे ही उपकरणे ते स्वतःच बनवीत. सुमारे एक फूट लांबीचा, मधून आरपार भोक असलेला आणि दोन तुकड्यांत सुटणारा लाकडी दंडगोल हे त्यांचे अखेरचे रूप. आरंभी ते त्याला नुसता दंडगोल म्हणत. त्याला वेगळ्या नावाची गरजच काय, असे त्यांचे मत होते. लोक वाटेल ती नावे देऊ लागले तेव्हा छाती आणि निरीक्षण या अर्थाचे ग्रीक शब्द जोडून त्यांनी स्टेथोस्कोप हा शब्द घडवला.

पुढची जवळजवळ तीन वर्षे नेकेर रुग्णालयातील रोजचा क्रम ठरून गेला. रुग्ण दाखल झाला की त्याच्या छातीचा प्रत्येक भाग ऐकायचा, कोठे कोणता आवाज आला हे लिहून ठेवायचे, आजार वाढत जाईल तसे पुन्हा ऐकायचे. रुग्ण दगावला, आणि त्या काळी बहुतेक दगावत, की छाती उघडून तो आवाज ज्या जागी ऐकला त्या जागी काय आहे ते पाहायचे. कानाने केलेला अंदाज रोज डोळ्यांनी पडताळला जात होता. चूक झाली तर ती दुसऱ्या दिवशी टेबलावर समोर दिसे. कल्पनेच्या भराऱ्यांवर चालणाऱ्या तत्कालीन वैद्यकात ही शिस्त नवीन होती.

ऐकलेले आवाज कागदावर उतरवणे ही दुसरी अडचण. ध्वनिमुद्रण नव्हते. वाचकाला जो आवाज कधीच ऐकवता येणार नाही तो शब्दांनी कळवायचा होता. तेथे लेनेक यांच्यातला बासरीवादक आणि खेड्यात वाढलेला माणूस कामी आला. न्यूमोनियाच्या प्रारंभी येणाऱ्या बारीक आवाजाला त्यांनी तापल्या भांड्यात मीठ तडतडण्याची उपमा दिली. श्वासनलिकेत कफ अडकला असता होणाऱ्या जाड घरघरीला पारव्याचे घुमणे, बारीक शिटीला पक्ष्यांची किलबिल, फुप्फुसाभोवती पाणी साठले असता थरथरत येणाऱ्या बोलण्याला बकरीचे बेंबटणे. फुप्फुसात क्षयाने पोकळी झाली असेल तर रुग्णाचे शब्द नळीतून थेट कानात बोलल्यासारखे येतात. त्याला त्यांनी छातीने बोलणे या अर्थाचे नाव दिले. श्वासातील अशा आवाजांना ते प्रथम राल हा फ्रेंच शब्द वापरीत. परंतु मरणासन्न माणसाच्या घशातील घरघरीलाही लोक तेच म्हणत आणि तो शब्द कानी पडताच रुग्ण घाबरे. म्हणून खाटेजवळ बोलताना त्यांनी राँकस हा लॅटिन शब्द पत्करला. आपल्याकडच्या केसपेपरवरील राँकाय हे त्याचेच अनेकवचन.

फेब्रुवारी १८१८ मध्ये त्यांनी हे संशोधन विज्ञान अकादमीपुढे मांडले, आणि ऑगस्ट १८१९ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ बाहेर पडला. थोडे अधिक पैसे दिले तर प्रकाशक ग्रंथाबरोबर एक स्टेथोस्कोपही देत असे. श्वसनविकारांचे आधुनिक शास्त्र कोठे सुरू होते, असे कोणी विचारले तर या ग्रंथाकडे बोट दाखवावे लागेल. क्षयाच्या बारीक दाण्यांपासून मोठ्या पोकळ्यांपर्यंत निरनिराळ्या दिसणाऱ्या सगळ्या विकृती एकाच रोगाच्या अवस्था आहेत, असे त्यांनी ठामपणे सांगितले. मित्र बेल यांनी सहा प्रकार मानले होते. पुढे रुडॉल्फ फिरखोव यांच्यासारख्या दिग्गजानेही लेनेक यांचे हे मत नाकारले. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू दाखवला तेव्हा लेनेक बरोबर होते हे सिद्ध झाले.

क्षयापेक्षाही त्यांची दृष्टी अधिक खोल गेली ती दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या श्वसनविकारांत. श्वासनलिका कायमच्या फुगून त्यांत कफाची डबकी साचण्याचा विकार, ज्याला आज ब्राँकिएक्टेसिस म्हणतात, त्याचे पहिले वर्णन या ग्रंथात आहे. एम्फिसीमाची कथा तर वाचण्यासारखी आहे. छाती उघडल्यावर निरोगी फुप्फुस हवा गेलेल्या पिशवीसारखे आक्रसते; काही जुन्या दमेकऱ्यांची फुप्फुसे मात्र फुगलेलीच राहतात, हे लंडनच्या मॅथ्यू बेली यांनीही पाहिले होते. लेनेक यांनी अशी फुप्फुसे हवेने भरून वाळवली, त्यांचे काप काढले आणि वायुकोश एकमेकांत फुटून मोठाली भोके पडली आहेत हे दाखवले. शिवाय असा रुग्ण जिवंत असताना ओळखण्याची खूणही दिली : छातीवर ठोकले तर आवाज पोकळ, मोकळा; कान लावला तर श्वासाचा आवाज जवळजवळ नाही.

हे कशामुळे होते, याचा त्यांनी केलेला विचार चकित करणारा आहे. जुनाट खोकल्यात बारीक श्वासनलिका सुजतात आणि घट्ट चिकट कफाने अडतात. श्वास आत घेण्याची शक्ती अधिक असल्याने हवा कशीबशी आत शिरते. बाहेर टाकण्याची शक्ती त्या मानाने कमी, म्हणून ती आत कोंडते आणि वायुकोश ताणले जातात. आज ज्या विकाराला सीओपीडी म्हणतात त्यात बारीक श्वासनलिकांचा अडथळा आणि कोंडलेली हवा या दोन गोष्टी केंद्रस्थानी आहेत. तंबाखूचा आणि बंद घरातील चुलीचा धूर ही त्याची मोठी कारणे होत, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. वायुकोशांच्या भिंती फुप्फुसातील विशिष्ट पाचक द्रव्यांमुळे विरघळतात, याचा धागाही फार उशिरा, १९६३ मध्ये स्वीडनमध्ये सापडला. काही एम्फिसीमाग्रस्तांच्या रक्तात अल्फा-वन अँटिट्रिप्सिन हे संरक्षक प्रथिनच कमी असल्याचे तेव्हा आढळले.

दम्याच्या बाबतीतही त्यांनी मोठी साफसफाई केली. त्यांच्यापूर्वी धाप लागणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला दमेकरी म्हणत, मग धाप हृदयाने लागो की फुप्फुसाने. लेनेक यांनी हृदयविकार, एम्फिसीमा, फुप्फुसातील सूज हे सारे वेगळे काढले. उरलेल्या खऱ्या दम्याबद्दल त्यांची एक नोंद आहे. श्वासाचा आवाज जवळजवळ बंद झालेल्या रुग्णाला थोडा वेळ श्वास रोखायला किंवा सलग बोलत राहायला सांगितले, तर त्यानंतरच्या पहिल्या श्वासाला हवा क्षणभर लहान मुलाच्या छातीत शिरावी तशी मोकळी शिरते, आणि लगेच वाट पुन्हा आवळते. अडथळा कायमचा असता तर असे झाले नसते. तेव्हा श्वासनलिकेभोवतालच्या स्नायूंची आवळण हे दम्याचे एक कारण असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. खोल श्वासाचा दमेकऱ्याच्या नलिकांवर होणारा हा परिणाम अगदी अलीकडच्या संशोधकांनीही अभ्यासाचा विषय केला आहे.

निदान इतके पुढे गेले. उपचार मात्र जागच्या जागी होते. लेनेक यांच्या थोरवीची ही दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. दम्यावर अफू, बेलाडोना अशा गुंगी आणणाऱ्या औषधांपलीकडे त्या काळाजवळ फारसे काही नव्हते. धोत्र्याचा धूर ओढण्याचा उपाय नुकताच, १८०२ च्या सुमारास, मद्रासहून इंग्लंडला पोचला होता. धोत्रा आणि बेलाडोनातील द्रव्यांच्या वंशातून पुढे इप्राट्रोपियमसारखी इनहेलरमधली औषधे निघाली, परंतु त्यास दीडशेहून अधिक वर्षे लागायची होती. क्षयावर तर लेनेक यांना हवापालटाखेरीज काहीच सांगता येत नसे. खिन्नता आणि मनाला सतत लागलेला घोर यांमुळे क्षय बळावतो, असे त्यांचे मत होते. अत्यंत कडक नियमांच्या एका मठातील जोगिणी त्यांच्या देखरेखीखाली होत्या. दहा वर्षांत क्षयाने तेथील सगळ्या स्त्रिया दोन-तीनदा नव्याने भराव्या लागल्या. लेनेक यांनी दोष दिला तो मठातील उदास जीवनाला. एकाच छताखाली एकीचा श्वास दुसरीच्या छातीत जात होता, ही शक्यता त्यांच्या इतक्या सूक्ष्म बुद्धीलाही शिवली नाही.

ग्रंथ छापून होईतो लेनेक स्वतः इतके खालावले होते की ऑक्टोबर १८१९ मध्ये पॅरिस सोडून त्यांना ब्रिटनीला परतावे लागले. दुआर्ननेजच्या समुद्राजवळ केरलुआर्नेक हे त्यांचे शेतघर होते. तेथे शेतीची देखरेख, घोड्यावरून रपेट आणि खारा वारा यांनी त्यांची प्रकृती सुधारली. दोन वर्षांनी ते पुन्हा पॅरिसला आले तेव्हा हा अनुभव विसरले नाहीत. शारिते रुग्णालयातील क्षयरोग्यांच्या खाटांभोवती त्यांनी ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचे ताजे समुद्रशेवाळ मांडून पाहिले. समुद्रावर जाऊ न शकणाऱ्या गरिबांना समुद्राची हवा खाटेशी आणून द्यावी, असा हेतू. त्याचा उपयोग झाला नाही हे सांगायला नको.

१८२२ मध्ये ते कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाले आणि बेरीच्या डचेसचे डॉक्टर नेमले गेले. त्याच वर्षी सरकारने विद्यार्थ्यांच्या गोंधळाचे निमित्त करून पॅरिसची वैद्यक विद्याशाखा बंद केली आणि उदारमतवादी प्राध्यापकांना घरी बसवून १८२३ मध्ये ती पुन्हा उघडली. या फेररचनेत लेनेक यांचा सहभाग होता आणि त्यांना अध्यासनही मिळाले. सहकाऱ्यांना हे रुचले नाही, आणि त्यांच्या नाराजीला आधार नव्हता असे म्हणता येणार नाही. त्यांचे कडवे विरोधक फ्रान्स्वा ब्रुसे हेही ब्रिटनीचेच. नेपोलियनच्या सैन्यातील हे माजी डॉक्टर वक्तृत्वात लेनेक यांना सहज मागे टाकीत. जवळजवळ सारे रोग पोट-आतड्यांच्या दाहातून उद्भवतात आणि जळवा लावून रक्त काढणे हाच त्यांवर उपाय, हा त्यांचा सिद्धांत. या जळवांचे वेड इतके वाढले की १८३३ या एका वर्षात फ्रान्सने ४ कोटींहून अधिक जळवा आयात केल्या. ब्रुसे यांच्या व्याख्यानांना सभागृहे ओसंडून वाहत. लेनेक यांच्या फेऱ्यांना मोजके लोक येत, त्यांतले पुष्कळ परदेशी. त्यांना समजावे म्हणून लेनेक रुग्णांच्या खाटेपाशी लॅटिनमध्ये शिकवीत. याच परदेशी विद्यार्थ्यांनी स्टेथोस्कोप आपापल्या देशी नेला. इंग्लंडमध्ये जॉन फोर्ब्स यांनी १८२१ मध्ये ग्रंथाचा अनुवाद केला, तरी हे उपकरण सर्रास वापरात येईल याची खुद्द अनुवादकालाच शंका होती.

लेनेक यांचे सर्वच निष्कर्ष टिकले असे नाही. हृदयाचा दुसरा ठोका वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाने होतो, हे त्यांचे म्हणणे चुकीचे होते. त्यांनी केलेले आवाजांचे अर्थही काही ठिकाणी व्हिएन्नाच्या योसेफ श्कोडा यांनी १८३९ मध्ये भौतिकशास्त्राच्या कसोटीवर दुरुस्त केले. दोन्ही कानांनी ऐकण्याचा स्टेथोस्कोप १८५० नंतर आला. मूळच्या एका कानाच्या नळीची वंशज असलेली तुतारी मात्र गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकण्यासाठी आपल्याकडच्या आरोग्य केंद्रांत परिचारिकांच्या हाती पुष्कळ वर्षे दिसत आली आहे.

डिसेंबर १८२४ मध्ये त्यांनी जाकेत आर्गू या विधवा स्त्रीशी विवाह केला. त्या आधीपासून त्यांचे घर सांभाळीत होत्या. पुढच्या वर्षी गर्भपात झाला आणि मूल होण्याची आशा मावळली. या सुमारास लेनेक आपल्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती लिहीत होते, किंबहुना सगळा ग्रंथ नव्याने रचीत होते. पहिल्या आवृत्तीची मांडणी आवाजांनुसार होती. या वेळी ती रोगांनुसार केली आणि उपचारांची प्रकरणे जोडली. रात्री जागून, ताप अंगावर काढून त्यांनी ते पुरे केले. १८२६ च्या वसंतात ग्रंथ छापून आला आणि त्याच वेळी त्यांनी अंथरूण धरले.

मेरियादेक लेनेक हा त्यांच्याच घराण्यातला तरुण डॉक्टर त्यांच्याजवळ होता. त्याला त्यांनी स्वतः शिकवले होते. आपली छाती ऐकून काय ऐकू येते ते सांग, असे लेनेक यांनी त्याला सांगितले. मेरियादेकने दंडगोल टेकवला आणि एका ठिकाणी फुप्फुसात पोकळी असल्याच्या खुणा त्याला स्पष्ट ऐकू आल्या. त्याने प्रामाणिकपणे वर्णन केले. त्या आवाजाचा अर्थ काय, हे वर्णन ऐकणाऱ्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तो अर्थ लावण्याची रीत त्यांचीच होती.

३० मे १८२६ रोजी त्यांनी पत्नीसह पॅरिस सोडले. खडबडीत रस्त्यांवरून घोडागाडीचा प्रवास त्यांना फार जड गेला. केरलुआर्नेकला पोचल्यावर समुद्राच्या हवेने या खेपेसही काही दिवस बरे वाटल्याचा भास झाला. पुन्हा ताप चढू लागला आणि १३ ऑगस्ट १८२६ रोजी त्यांचे निधन झाले. प्लोआरेच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली.

मृत्युपत्रात त्यांनी आपली वैद्यकीय पुस्तके, कागदपत्रे, घड्याळ आणि अंगठी मेरियादेकच्या नावे केली होती. या सर्वांबरोबर आपला स्टेथोस्कोपही त्यांनी त्यालाच दिला आणि आपल्या वारशात सर्वांत मोलाची वस्तू हीच आहे असे नमूद करून ठेवले. मेरियादेकने कागदपत्रे लावली, टिपणे तपासली आणि १८३१ मध्ये ग्रंथाची तिसरी आवृत्ती स्वतःच्या टीपांसह प्रसिद्ध केली.